हाकेचं नाव

फोन आला तेव्हा मी रिक्षात होते. मांडीवर डबा होता. त्यात मऊ भात, भातावर तूप, आणि डॉक्टरांच्या नजरेला पडू नये म्हणून नॅपकिनात गुंडाळलेली शेंगाच्या चटणीची छोटी डबी. आदल्या संध्याकाळी अक्कानं स्वतःच्या तोंडानं मागितलेली तेवढीच गोष्ट. सतीश, म्हणजे तिचा मुलगा, फोनवर एवढंच म्हणाला, "काकू, आई गेली." मी म्हणाले, "बरं." अशा वेळी माणूस काय बोलेल याचा काही नेम नसतो. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. "काय झालं ओ मावशी? माघारी फिरवायची का?" मी म्हणाले, "नको, चला तसंच. डबा द्यायचाय." आणि खरोखरच तो डबा घेऊन मी दवाखान्याचा जिना चढले, खाटेपाशी गेले आणि तिच्या उशाशी ठेवला. सतीशनं तो हळूच उचलून खिडकीत सरकवला. त्याला आता काही आठवडे झाले. चटणीची डबी मी घासून ठेवली आहे, पण तिला अजून लसणाचा वास येतो.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, सुनंदा. मी लग्न होऊन सोलापूरच्या या घरात आले तेव्हा सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या. दोघींचंही माहेर माळशिरस तालुक्यातलं. माझं थेट माळशिरसचं, वडील कचेरीत कारकून. तिचं नातेपुत्याजवळच्या एका खेड्यातलं, घरची शेती. मी बी.एस्सी. होऊन शाळेत विज्ञान शिकवायला लागले, ती सातवीनंतर शाळेत गेली नाही. यावरून ती भोळीभाबडी आणि मी शहाणी असं कुणाला वाटेल, तर तसं काही नव्हतं. ती हट्टी होती, रुसकी होती, टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासवांना मोठ्यानं शिव्या घालायची, आणि माझ्या हातच्या आमटीला जन्मात कधी बरी म्हणाली नाही. मीही काही कमी नव्हते. आधी तिचे यजमान गेले, मग माझे. सतीश नोकरीपायी हैदराबादला, माझी ऋता पुण्याला. खालचं घर तिचं, वरचं माझं, मध्ये जिना. दुपारचा चहा उकळला की ती जिन्याच्या तळाशी उभी राहून हाक मारायची, "धाकटे!" मी वर पेपर वाचत असायचे. ऐकू यायचं, पण पहिल्या हाकेला ओ द्यायची माझी पद्धत नाही. मग दुसरी हाक, जरा चढी. मग तिसरी, "मेलीस का काय गं वर?" तेव्हा कुठं मी चष्मा काढून ठेवून उठायचे.

अक्का दृष्ट काढायची. घरच्यांची तर झालीच, पण सगळ्या गल्लीची. तिच्याकडं एक पितळी डबा होता. त्यात मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या. दिवेलागणीला तिच्या दारात कुणी ना कुणी तान्हं घेऊन उभं असायचं. आमच्या गल्लीत विणकरांची तेलुगू घरं बरीच आहेत. त्यांतल्या पद्माचा नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतो. ही पद्मा बाळानं दूध टाकलं तरी आधी अक्काकडं यायची, डॉक्टरकडं नंतर. माझं डोकंच फिरायचं. मी जिन्यावरून ओरडायचे, "पद्मा, आधी दवाखान्यात जा!" अक्का मान वर न करता म्हणायची, "जाईल की. मी वाटंतच हाय दवाखान्याच्या." मग बाळावरून मूठ उतरवत पुटपुटायची, "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, आईबापाची..." आणि मूठ निखाऱ्यावर टाकायची. मोहरी तडतडायची. मिरचीचा ठसका आला नाही की बायका एकमेकींकडं बघायच्या. म्हणजे दृष्ट जबर होती आणि ती जळाली. मी एकदा तिला बसवून समजावलं, की हे बघ अक्का, मिरची जुनी झाली की तिच्यातला तिखटपणा उतरतो, म्हणून ठसका येत नाही, यात दृष्टीबिष्टीचा काही संबंध नाही. ती म्हणाली, "व्हय की. म्हणून तर मी जुन्या मिरच्या येगळ्या ठिवते."

मी थक्क झाले. म्हटलं, "म्हणजे तू लोकांना फसवतेस?"

"फसवतीया कुटं? आई घाबरून आल्याली असती. ठसका न्हाय आला की तिला वाटतं, गेलं बाई माझ्या लेकराचं. मग ती निजती, आन् लेकरू बी निजतं."

यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि पुढं कितीतरी दिवस चहाची हाक आली नाही. मी पण खाली गेले नाही. फसवणूक ती फसवणूकच, आजही मी तेच म्हणेन. पण हेही सांगते, की त्या दिवसांत दुपारचा चहा मी वर एकटीनं केला आणि तो मला गोड लागला नाही.

नातवाची दृष्ट ती मोबाइलवर काढायची. फोन पितळी डब्याला टेकवून उभा करायचा, हैदराबादेत सूनबाईनं बाळाला मांडीवर घेऊन बसायचं आणि इथं हिनं स्क्रीनवरून मूठ ओवाळायची. मध्येच रेंज गेली की हिचा जीव खालीवर. "अर्धीच उतरलीया! लाव, परत लाव फोन!" मी नंबर लावून द्यायचे. विज्ञानाची शिक्षिका, आणि काम काय करते, तर दृष्टीला रेंज मिळवून देते. पण या सगळ्यात तिचा एक नियम फार कडक होता. स्वतःची दृष्ट स्वतःला काढता येत नाही. दुसरं माणूस पाहिजे म्हणजे पाहिजेच. म्हणून दर अमावास्येला ती माझी काढायची आणि मग डबा माझ्या हातात देऊन माझ्यासमोर बसायची. मी कुरकुर करत, चुकत, शब्द गाळत मूठ फिरवायचे. ती डोळे मिटूनच दुरुस्ती करायची, "आईबापाची ऱ्हायली की." आईबाप जाऊन युगं लोटली होती, तरी त्यांची दृष्ट काढायची म्हणजे काढायचीच.

तिची एक दुसरी बाजू होती आणि तिच्याबद्दल ती अवाक्षर काढत नसे. माझ्या लग्नाच्या वेळी बायकांची कुजबुज कानावर आली होती, की थोरलीच्या माहेरी लक्ष्मीआईचं वारं आहे आणि ते हिच्या अंगात येतं. ज्याच्या अंगात देव येतो त्या माणसाला आमच्याकडं झाड म्हणतात. तिची आजी झाड होती, आत्या झाड होती आणि पुढं ही. पण सासरी मी तिला कधी घुमताना बघितलं नाही. देवीच्या यात्रेत हलगी वाजायला लागली की ती गर्दीतून बाजूला व्हायची, पदर तोंडाशी धरून घरी यायची आणि दार लावून घ्यायची. मी त्याचा अर्थ माझ्यापुरता लावला होता. म्हटलं, बरं झालं, शहरात येऊन हिच्यात सुधारणा झाली.

मग ऋता एक वाद्य घेऊन आली. पुण्याच्या कंपनीत कामाचा ताण फार, झोप लागेना, म्हणून मैत्रिणींबरोबर ती कुठल्याशा शिबिराला गेली होती. शहराबाहेरच्या एका शेतघरात सगळे सतरंज्यांवर आडवे झाले, डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या, कुणीतरी एकसुरी ढोल वाजवला आणि प्रत्येकानं मनानं पाताळात प्रवास केला. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात असे लोक असतात, तिनं आम्हाला सांगितलं, ते ढोलाच्या नादावर आपला जीव अंगातून बाहेर काढतात, दुसऱ्या लोकात जातात आणि आजाऱ्याचं हरवलेलं काही शोधून आणतात. शामान म्हणतात त्यांना. ते वाद्यही तिनं विकत आणलं होतं, लाकडी कड्यावर चामडं ताणलेलं, आपल्या डफासारखंच. अक्कानं ते हातात घेतलं, बोटानं चामडं चाचपलं आणि विचारलं, "मग तुला तितं कोण भेटलं?" ऋता म्हणाली, "प्रत्येकाला आपला प्राणी भेटतो, मोठीआई. मला घुबड भेटलं."

"घुबड! या बया! दुसरं काय न्हाय व्हय मिळालं?"

आम्ही तिघीही पोट धरून हसलो. ऋता रंगात आली. म्हणाली, मोठीआई, तुझं आणि त्यांचं एकच आहे गं, फक्त त्यांचं माणूस बाहेर जातं आणि आपल्याकडं देव आत येतो. तिनं मोबाइलवर आणखी एक गंमत दाखवली. दृष्ट काढायचा तयार संच आता घरपोच येतो, मीठ, मोहरी, मिरच्या, सोबत कापूर, आणि एकट्या राहणाऱ्या माणसानं स्वतःवरून कसं ओवाळून घ्यायचं त्याचा व्हिडिओ. अक्का चष्मा नाकावर ओढून ते बघत राहिली. "सोताची सोतानं?" एवढंच म्हणाली. मग तिनं ऋताकडं वळून विचारलं, "आन् त्या ढोलाच्या तितनं माघारी कोण आनतं?"

"कुणी नाही. ढोलाची लय बदलते, मग आपलं आपण यायचं."

"आपलं आपण?"

"हो. का गं?"

अक्कानं ते वाद्य हळूच सतरंजीवर ठेवलं. "मंजी एकट्याच जाता व्हय गं तुमी," ती म्हणाली, आणि उठून आत गेली. ऋतानं माझ्याकडं बघितलं. मी खांदे उडवले. म्हटलं, झालं, बिनसलं काहीतरी.

ऋता परत गेली त्यानंतरची गोष्ट. वर्षाच्या मिरच्या आल्या होत्या आणि आम्ही दोघी खालच्या खोलीत देठ खुडत बसलो होतो. हात झोंबत होते. मध्येच, मी काही न विचारता, ती सांगायला लागली. वारं येतं तेव्हा ती नसते, म्हणाली. दृष्ट काढताना ती असते, पुरती असते, मूठ तिची, शब्द तिचे. वारं आलं की माणूस बाजूला सरकतं आणि लोक त्याच्या तोंडाकडं बघून भलत्यालाच बोलतात. पाऊस पडेल का, पोरीला स्थळ येईल का, हरवलेली म्हैस कुठं आहे. सगळं गाव प्रश्न विचारतं, पण सगळे देवीला. वारं उतरलं की माणसाला परत आणावं लागतं. ते काम तिच्या माहेरी ठरलेल्या माणसाचं असायचं. त्यानं डोकं मांडीवर घ्यायचं, तोंडात गुळाचा खडा घालायचा आणि हाकेच्या नावानं हाक मारायची, "ये घरला." लग्नात बदललेलं नाव चालत नाही, कागदावरचं चालत नाही, आई, मावशी, अक्का असलं नात्याचं काही चालत नाही. लहानपणी धुळीत खेळताना आईनं दारातनं ज्या नावानं ओरडून बोलावलं, तेच. तिला तिची आई आणायची. आई गेल्यावरच्या यात्रेत हलगी वाजली, वारं आलं, लोकांनी पोटभर विचारून घेतलं आणि वारं गेलं. भावजया हाका मारत बसल्या, "वन्सं, उठा, वन्सं." कुणी सुनंदाबाई म्हणालं, कुणी देवी म्हणालं. ही देवळाच्या पायरीवर दिवस कलेपर्यंत पडून राहिली. शेवटी शेतातून भाऊ धावत आला आणि त्यानं त्या नावानं हाक मारली. पुढं तो भाऊही गेला, आणि ती माहेरच्या यात्रेला जायची बंद झाली.

मी तिला विचारलं, "मग तेवढा वेळ तू कुठं होतीस?" विज्ञानाच्या बाईनं विचारायचा प्रश्न नव्हे, पण विचारला खरा.

तिनं हातातल्या मिरचीचा देठ तोडला. "तितं अंधार नव्हता. भ्या बी न्हाय वाटलं. नुसतं कुनी नव्हतं."

मग मी सुरू झाले. लयबद्ध आवाज, जोरजोरात घेतलेला श्वास, रक्तातला कार्बन डायऑक्साइड, मेंदू, सूचना... शाळेत आठवीला शिकवायचे तसं सगळं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आसंल की." वाद घालायला तिच्याकडं काही नव्हतंच. तिला फक्त एवढंच पाहिजे होतं की ते नाव कुणाला तरी ठाऊक असावं. इकडंतिकडं बघून तिनं ते मला सांगितलं. लहानसंच नाव होतं, हाकेला सोपं. मग म्हणाली, "आता तुझं सांग." मी म्हटलं, माझ्या अंगात काही येत नाही. तर म्हणते, "म्हातारपन तर येतंय? सांग." माझं कागदावरचं माहेरचं नाव विजया, ते ऋताला ठाऊक आहे. पण घरात वडील हाक मारायचे ते नाव भलतंच होतं आणि ते मी शाळेत असताना कुणाला कळू नये म्हणून जिवाचा आटापिटा केलेला. ते ठाऊक असणारं एकही माणूस आता उरलं नव्हतं. मी सांगितल्यावर ती इतकी हसली की मिरचीचा हात डोळ्याला लागला आणि मग रडत रडत हसत बसली. त्यानंतर दर अमावास्येला मूठ ओवाळून झाली की ती त्या नावानं माझ्या कानाशी हळूच हाक मारायची. मी म्हणायचे, "पुरे गं." पण खरं सांगू? महिनाभर मी त्या एका हाकेची वाट बघत असायचे.

या सगळ्याचा मी नंतर बराच विचार केला. काही वाचलंही. ऋतानं सांगितलं ते अगदीच खोटं नव्हतं, एका ठिकाणी जीव बाहेर जातो आणि एका ठिकाणी देव आत येतो. मीठ-मोहरीत तर जाणं नाही, येणं नाही, नुसती क्रिया. करणाऱ्याला अनुभव येवो न येवो, कुणीही करावी. अभ्यासक या गोष्टी वेगवेगळ्या खणांत ठेवतात आणि ते बरोबरच असेल. पण बर्फाच्या मुलखातल्या जुन्या लोकांच्यातही, म्हणे, जाणाऱ्याच्या शेजारी कुणीतरी बसलेलं असायचं, आग राखायला, ढोल सांभाळायला. अक्काच्या यात्रेत मांडी देणारं कुणीतरी असायचं. दृष्टीला तर समोर दुसरं माणूस हवंच. आताच्या शिबिरात प्रत्येकाला पट्टी बांधून आपापल्या सतरंजीवर निजवतात, आणि घरपोच संचात आरसा बघून ओवाळायला शिकवतात. बाकी सगळं घेतलं, तेवढं एक माणूस वगळलं. माझा यातल्या कशावरही विश्वास नाही, ना देवीवर, ना घुबडावर, ना मोहरीवर. त्या एका माणसावर मात्र आहे.

अक्काला दवाखान्यात न्यायची वेळ आली ती सोडियमनं. उलट्या झाल्या, सोडियम घसरलं आणि ती भलतंच बोलायला लागली, मग बोलेनाशीच झाली. सतीश आला, ऋता आली. डॉक्टर म्हणाले, नावानं हाका मारत राहा. नर्स तिचे गाल थोपटून म्हणायची, "सुनंदाबाई, ओ सुनंदाबाई, डोळे उघडा." सतीश "आई, आई" करून थकला. ऋता "मोठीआई" म्हणून रडकुंडीला आली. मी खाटेच्या पायाशी उभी होते. शेवटी दोघांना म्हटलं, जा, चहा पिऊन या. ते गेले तशी मी तिच्या उशाशी आले. लाज वाटत होती, कशाची कोण जाणे. वाकून तिच्या कानात ते नाव घेतलं. म्हटलं, "ये घरला." काही नाही. पुन्हा घेतलं. काही नाही. तिसऱ्यांदा वर्गात मागच्या बाकापर्यंत जाईल असा आवाज काढला, शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठून बसली, आणि अक्काचे ओठ हलले. "आले की. वरडतीस कशाला."

सलाईन आदल्या दिवसापासून चालू होतं. सोडियम चढलं होतं, संध्याकाळच्या रिपोर्टात तसं आलंही. मला ते सगळं समजतं. मी फक्त काय झालं ते सांगते आहे. तिनं डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाली, उद्या मऊ भात आण, आणि चटणी आण, ह्या लोकांना सांगू नको. सतीश-ऋता परत आले तेव्हा आम्ही दोघी चटणीत लसूण किती यावर वाद घालत होतो. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन रिक्षात बसले... पुढचं सांगून झालंच आहे.

सतीशनं डबा खिडकीत ठेवला आणि माझा हात धरला. "काकू, काल तुम्ही तिला कसं उठवलंत? मारा ना हाक परत. एकदा मारून बघा." चाळिशी ओलांडलेला माणूस, लहान पोरासारखा बघत होता. माझ्या जिभेवर नाव आलं होतं. पण मिरच्या खुडताना तिनं मला शेवटी आणखी एक गोष्ट बजावली होती. श्वास थांबला की त्या नावानं हाक मारायची नाही. हाक ऐकून माणूस वाटेत थांबतं, मग त्याला पुढं जाता येत नाही आणि मागं फिरता येत नाही. माझा विश्वास नाही, हे मी वर लिहिलंच आहे. मी दात घट्ट मिटून घेतले आणि सतीशला नाही म्हटलं. तो समजूतदार आहे, पुन्हा म्हणाला नाही. मी तिच्या गालाला हात लावला. तो अजून कोमट होता. इतकं एकटं मला माझे यजमान गेले तेव्हाही वाटलं नव्हतं, हे लिहिताना मला कसंतरी होतंय, पण ते खरं आहे.

तेव्हापासून ते नाव माझ्या तोंडात आहे. भाकरी थापताना येतं, जिना उतरताना येतं. दुपारी चहाच्या वेळी मी कान देऊन बसते आणि खालून काही येत नाही, तेव्हा तर ते दातांशी येऊन थांबतं. या लेखातही ते मी लिहिलेलं नाही. रविवारी सकाळी पुरवणी उघडून कुणी ते मोठ्यानं वाचलं तर? ती आत्ता कुठं वाटेला लागली असेल. एका विज्ञान शिक्षिकेनं असं लिहावं याला वाचकांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

पितळी डबा आता माझ्या ओट्यावर आहे. गेल्या आठवड्यात पद्मा पोराला घेऊन जिन्याखाली येऊन उभी राहिली, "मॅडम, तुम्ही काढता का?" मी आधी दवाखान्याचं विचारलं. ती जाऊन आली होती. मग काढली. जुन्या मिरच्या कुठल्या आणि नव्या कुठल्या हे अक्कानं मला कधी दाखवलं नव्हतं, त्यामुळं असा जबर ठसका उठला की पद्मा, पोर आणि मी, तिघंही खोकून बेजार झालो. पद्मा डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे काहीच नव्हतं की हो." त्यानंतर अमावास्या आली. दिवा लावला. सवयीनं मूठ भरली, ती स्वतःच्या खांद्यापर्यंत नेली आणि तिथंच थांबले. समोर बसायला कुणी नव्हतं. मूठ उघडून सगळं परत डब्यात टाकलं.

ऋता, तू ही पुरवणी मोबाइलवर वाचतेस, म्हणून इथंच सांगते. फोनवर सांगायला गेले तर तू हसशील आणि मी चिडून ठेवून देईन. कधी माझ्यावर तशी वेळ आली, डॉक्टर म्हणाले की हाका मारा, तर आई म्हणू नकोस, विजया म्हणू नकोस, सासरचं अनुराधा तर नकोच नको. माझं हाकेचं नाव ठकू. हस, खुशाल हस, तुझी मोठीआई पण हसली होती. पण माझं डोकं मांडीवर घे आणि म्हण, "ठकू, ये घरला." आवाज जरा चढा ठेव आणि लगेच थांबू नकोस, पहिल्या हाकेला ओ द्यायची माझी पद्धत नाही.